ओढ्याची साडेसाती

एका जंगलात एक ओढा होता. ओढा तसा बारकाच, पण वस्तीच्या अगदी मधून वाहायचा. त्यावर पूल होता आणि पुलावर 'आमचा ओढा, आमची माउली' अशी पाटी होती. हसू नका रे, पाटी खरंच सुंदर होती.

आता माउली म्हटली की भक्ती आलीच. घरातलं निर्माल्य साठवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, घट्ट गाठ मारायची आणि पुलावरून सोडायचं, अशी तिथली रीत. सोडताना डोळे मिटायचे, म्हणजे पिशवी कुठे पडते ते दिसत नाही. अस्वलराव तर धावत्या स्कूटरवरून पिशवी सोडायचे आणि त्याच हाताने नमस्कार करायचे. पुण्य मिळवावं तर असं!

त्या ओढ्यात तानूबाई बेडकीण राहायची. तिची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. नुसत्या शेपट्या, पायांचा पत्ता नाही. पाय फुटेपर्यंत पाण्यातच राहणं भाग, आणि पाणी तर कुजून काळं पडलेलं. पिल्लं सारखी वर येऊन तोंडं उघडायची. आईचा जीव तो, तीळतीळ तुटायचा.

ती अस्वलरावांकडे गेली. निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी पुरा, खत होईल, असं तिने सुचवलं. अस्वलराव भडकले. देवाची फुलं मातीत घालणारी ही कोण, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. तेव्हापासून तानूबाईला हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली.

मग तिने डोकं चालवलं. शेजारच्या कावळीणवहिनींना गाठून ती हळूच म्हणाली, "ओढ्याला बाधा झालीय. जो काही टाकेल, त्याच्या घरात साडेसाती शिरते. पण वहिनी, कुणाला सांगू नका हं."

संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं. पुलावर कुणी फिरकेना. पाणी हळूहळू निवळलं, तळाची वाळू दिसू लागली. पिल्लांना मागचे पाय फुटले. आता फक्त पुढचे राहिले होते.

एके सकाळी अस्वलरावांनी भीत भीत पुलावरून वाकून पाहिलं. पाणी आरशासारखं. त्यांचे डोळे भरून आले. बाधा गेली, माउली प्रसन्न झाली, असं सांगत ते घरोघर फिरले.

तानूबाई आडवी आली. "अस्वलराव, पाया पडते. चार दिवस थांबा."

"चार दिवसांनी अमावास्या लागते, बाई. मुहूर्त आजचाच आहे."

इतके दिवस घराघरांत तुंबून राहिलेल्या पिशव्या निघाल्या. ताशे वाजले. सगळ्यांनी डोळे मिटले.

ज्यांना पुढचे पाय फुटले होते, ती पिल्लं कशीबशी काठावर चढली. बाकीच्यांचं मला विचारू नका.

तात्पर्य : मुलांनो, ओढा जपायचा असेल तर त्याची बदनामी करावी. आणि तो चुकून स्वच्छ झालाच, तर भक्तांना कळू देऊ नये.