बाईसाहेबांनी व्यासपीठ सर केले त्याची हकीकत

मागे जाहले ते पुढिलांनी विसरू नये, सबब ही हकीकत लिहिली आहे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर चवीपुरते, त्याचा राग नसावा.

इतिहास विभागी एक बाईसाहेब अध्यापनास होत्या. पूर्वी माणूस माणसास बाजारी उभा करून विकीत असे, तो व्यापार कोणी बुडविला आणि कैसा बुडविला, या एकाच विषयी त्यांनी जन्म वेचिला. लहानपणी मामांनी जुने चित्रांचे पुस्तक दिले, त्यात जहाजाचे तळाशी माणसे पेटीतल्या काड्यांसारखी निजविलेली पाहून भरले ताट सारून उठल्या, तेथून हा ध्यास लागला. मग पदवी जाहली, मग दूरदेशीची दफ्तरे धुंडाळता धुळीने खोकला जडला, मग प्रबंध जाहला, आणि सिद्धांत काढिला तो ऐसा की, थोर लोकांनी सभांतून भाषणे केली ती खरीच, परंतु पहिला घाव बेडीतल्या माणसांनी आपले हातेच घातला. कोणी रान गाठिले, कोणी हत्यार उचलिले, कोणी नुसते काम टाकून बसले. सिद्धांत बहुत नामी. परीक्षकांनी तारीफ केली.

ऐशी बंडाची जाणकार विभागी रुजू जाहली, आणि केस पिकेतो कोणास 'नाही' म्हणाली नाही.

विभागप्रमुख, किताब 'सर', मोठे दौलतीचे पुरुष. एक ओळ न लिहिता ग्रंथकर्ते जाहले, हा पराक्रम इतिहासात दुर्मीळ. बाईसाहेबांनी लेख लिहावा, त्यावर सरांचे नाव आधी पडावे. सरांचे भाषण बाईसाहेबांनी रचावे, सरांचे पेपर बाईसाहेबांनी तपासावे, आणि पाहुणे आले की खुर्च्या, चहा, हारतुरे हा सरंजामही त्यांनीच पाहावा. या व्यवस्थेस सर 'सांघिक भावना' म्हणत.

मग सरांचे चित्ती आले की, निवृत्तीपूर्वी एक स्वातंत्र्य परिषद भरवावी आणि कीर्ती दिगंत करावी. बाईसाहेबांस हुकूम जाहला की, गुलामगिरीच्या अंतावर उद्घाटनाचे भाषण सरांसाठी लिहून द्यावे, स्वतः त्या विषयी बोलू नये, कारण वेळ थोडा. आणि जेवणाचे पाहावे.

बाईसाहेब घरी आल्या. यजमान दंतवैद्य, शांत गृहस्थ. त्यांनी वृत्तांत ऐकिला, भाजी वाढून घेतली आणि म्हणाले, "दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणतो मी. घरी कधी म्हटलं नाही. आज म्हणू का?"

बाईसाहेबांस हसू आले नाही. यजमानांनी पुढे त्यांचे नोकरीस गुलामीची उपमा दिली, तेव्हा त्या ताडकन बोलल्या, "ती उपमा नको. त्यांच्या पायात खरी बेडी होती, पाठीवर खरा चाबूक होता, तरी ते उठले. माझ्या पायात काहीच नाही. लाज वाटते ती त्याचीच."

पानावरून उठता बाईसाहेबांची मसलत पक्की जाहली.

सकाळी सरांचे दालनी जाऊन, मुजरा न करिता, इतकेच म्हटले, "सर, भाषण मला जमणार नाही. जेवणाचंही नाही."

सरांस प्रथम ऐकू कमी आले ऐसे वाटले. मग तब्येतीची चौकशी केली. मग बढतीची आठवण दिली, आणि ती आता कठीण दिसते ऐसे सुचविले. बाईसाहेबांनी ते सारे ऐकोन घेतले आणि तैशाच माघारी आल्या. फौजेने, म्हणजे विभागातील मंडळींनी, जिन्यात एकेकटे गाठून "बरं केलंत" म्हणावे, आणि सरांची चाहूल लागताच पांगावे. ऐसे शूर लोक.

परिषदेचा दिवस उगवला. पाहुणे जमले, खुर्च्या अपुऱ्या, चहा थंड. बाईसाहेब शेवटल्या रांगेत रिकाम्या हाते बसल्या. ऐसे बसणे सवयीचे नसल्याने फार अवघडल्या. सर व्यासपीठी चढले. भाषण स्वयें रचिले होते, ते ऐकूनच कळले. काही दयाळू श्रीमंतांस एके दिवशी कळवळा आला आणि त्यांनी गुलामांस स्वातंत्र्य बहाल केले, ऐसा एकंदर इतिहास सांगोन सर घाम पुसू लागले.

परदेशीच्या एक वृद्ध विदुषी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी हात वर करोन अदबीने पुसिले की, ते दयाळू लोक भाषणे करीत होते तेव्हा गुलाम स्वतः काय करीत होते?

सरांनी कागद उलटिले, पाण्याचा पेला उचलिला, ठेविला. आणि मग, इतक्या वर्षांची जी सवय पडली होती ती भर सभेत उफाळोन, त्यांनी शेवटल्या रांगेकडे पाहिले आणि ध्वनिक्षेपकातून सर्वांदेखत विचारिले, "बाई, काय करत होते हो?"

बाईसाहेब उठल्या. नित्याप्रमाणे चिठ्ठी लिहून पुढे धाडिता आली असती. ती न धाडिता त्या मधल्या वाटेने चालत गेल्या, व्यासपीठी चढल्या, आणि म्हणाल्या, "सरका जरा, सर."

सर सरकले.

मग बाईसाहेब बोलल्या. पळालेल्यांचे बोलल्या, काम टाकून बसलेल्यांचे बोलल्या, ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत त्यांचेही बोलल्या. मध्ये खोकला आला तेव्हा सभा थांबली, उठली नाही. थंड चहाची तक्रार कोणी केली नाही. परदेशीच्या विदुषींनी पुढे येऊन हात धरिला आणि ग्रंथ कोठे मिळेल ते पुसिले. बाईसाहेब म्हणाल्या, "अजून माझ्या नावाने नाही. आता लिहिते."

समारोपी सरांनी ऐसे जाहीर केले की, बाईंस बोलते करावे ही योजना मुळापासून त्यांचीच. टाळ्या पडल्या.

येणेप्रमाणे व्यासपीठ फत्ते जाहले. शत्रूकडील नुकसान काही नाही. सरांचा निवृत्तीचा सत्कार ठरल्याप्रमाणे पार पडला. आपलेकडील नुकसान, बढती गेली ती गेलीच. ग्रंथ पुढे छापून आला, त्यावर एकच नाव आहे, आणि ते बाईसाहेबांचे आहे, ऐसे लिहिणाराने स्वतः पाहून येथे नमूद केले.