अंगणातली उभी मीटिंग

रोज सकाळी दहाला आमच्या शेजारचं घर अंगणात उभं राहतं. घर म्हणजे घरातली माणसं: मंगेश, त्याची आई आणि त्याचे वडील. म्हैस आधीपासून उभीच असते. मंगेश हातात मोबाइल धरून म्हणतो, "चला, स्टँडअप." मग प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार आणि ब्लॉकर काय, म्हणजे काम कशामुळे अडून बसलंय.

"काल वांग्याची भाजी केली," काकू पदराला हात पुसत म्हणतात. "आज बी वांगेच हायत. अन् ब्लॉकर तू हायेस. गॅसवर दूध ठेवलं, अन् मले इथं उभं करून राह्यला."

"नोटेड," मंगेश म्हणतो.

मंगेश सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. शिरपूरच्या स्टँडवर उतरून मंदिराची वाट विचारणाऱ्या यात्रेकरूंनाही हे माहीत असतं, कारण वाट दाखवता दाखवता तो स्वतःच सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीचं काम तो गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत बसून करतो. दोन वर्षांपूर्वी तो पुणं सोडून इथं परत आला. का आलास, असं कोणी विचारलं की सांगायचा, "गावात फोकस चांगला होते." खोलीच्या खाली पिठाची गिरणी आहे. ती दिवसभर चालते.

त्याचा आवडता शब्द ग्रोथ. माणसाला ग्रोथ पाहिजे, या वर्षी माझी ग्रोथ थांबली, तुझी ग्रोथ काय म्हणते. आमच्याकडे हा शब्द सोयाबीनसाठी वापरतात. चौकातल्या कृषी केंद्रवाल्यानं एकदा शांतपणे फळीवरची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. "पंपाले एक झाकण. पण पानं ओली नको पाह्यजे."

दुसरं आवडतं वाक्य, "हे ऑफलाइन बोलू." मीटिंगमध्ये नको असलेला विषय निघाला की कंपनीतले लोक असं म्हणतात. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतं, म्हणून माझे बाबा बोलायला गेले, तेव्हाही तो हेच म्हणाला. बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. "मंग मी आता काय टीव्हीतून बोलून राह्यलो?" त्यांनी विचारलं. पाणी अजून मुरतंच आहे.

मला तो कॉन्व्हेंट म्हणतो. मी वाशीमला इंग्रजी शाळेत शिकले, एवढंच त्याला कारण पुरतं. "ए कॉन्व्हेंट, तुमच्या इंग्लिशमध्ये प्रोअॅक्टिव्ह म्हणजे नेमकं काय?" मी सांगते. तो मान हलवतो आणि स्वतःचाच अर्थ मला समजावतो. त्याच्याशी बोलताना आपल्याला फारसं बोलावं लागत नाही. हा त्याचा एकच गुण मला तेव्हा दिसायचा.

मागच्या वर्षी त्याच्या साहेबांनी त्याला सांगितलं की तुला कामाबाहेर आयुष्य नाही, ते तयार कर. दुसरा कोणी असता तर सिनेमाला गेला असता. यानं मोबाइलच्या कॅलेंडरात रोज संध्याकाळी सहा ते सात असा एक तास अडवून ठेवला आणि त्याला नाव दिलं "लाइफ". सहाला घंटी वाजते. मंगेश लॅपटॉप बंद करून खाली येतो, ओट्यावर बसतो आणि आयुष्याची वाट पाहतो. सातला घंटी वाजली की परत वर जातो.

मधे त्यानं प्रयत्नही केले. शाळेच्या मैदानावर पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायला गेला. खेळ झाल्यावर सगळ्यांना गोल बसवून विचारायला लागला, आज काय चांगलं झालं, काय सुधारता येईल. पोरांनी मैदान बदललं. मग भजनी मंडळात गेला. तिथल्या बुवांना म्हणाला, प्रत्येक अभंगानंतर दोन मिनिटं फीडबॅक घेऊ. बुवा म्हणाले, "घे ना बापू. पण पयले टाळ खाली ठेव, अन् घरी जाऊन घे."

लग्नाचंही तसंच. धनजला मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले, आणि यानं मुलीला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?"

"तुमच्या घरी तं नाईच," मुलगी म्हणाली.

काकूंनीच हे आम्हाला सांगितलं, हसता हसता डोळे पुसत. "पोट्टी मोठी गुणाची होती व माय," त्या म्हणाल्या.

हे सगळं हसून सोडता येतं. मला खरी चीड यायची ती दहाच्या मीटिंगची. त्याचे वडील, बबनकाका, एसटीत कंडक्टर होते. त्यांचा "मागचे पुढं सरका" हा आवाज गाडीच्या आधी स्टँडवर पोचायचा, असं लोक सांगतात. मी शिकायला हॉस्टेलवर असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, पण जीभ जड झालीय. अशा माणसालाही मंगेश मीटिंगला उभं करतो. काका गोठ्याची बल्ली, म्हणजे लाकडी खांब, धरून उभे राहतात आणि एकेक शब्द ओढून काढतात. कोणी मदत करायची नाही. एकदा मी दही मागायला गेले आणि नेमकी मीटिंग चालू होती.

"आज... आज..." काका थांबले. शब्द सापडेना. उन्हात सगळे उभे. आत दूध उतू गेल्याचा वास आला.

"आंघोळ करतो म्हणा," काकू बोलल्या.

"आई, म्यूट," मंगेश म्हणाला.

काकू तोंड मिटून उभ्या राहिल्या. काकांच्या कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आं... घोळ." मंगेश म्हणाला, "नोटेड. ब्लॉकर?" मी दही न घेताच घरी आले. कंपनीत याच्या हाताखाली कोणी नाही, म्हणून घरातल्या आजारी माणसाचा साहेब होतोय, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, आपल्याला काय करायचंय.

दिवाळीनंतर त्याला टीम लीड केलं. अट एकच, पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. ज्या ग्रोथसाठी त्यानं सगळ्या गल्लीचं डोकं खाल्लं होतं, ती शेवटी आली. पेढे वाटताना तो मला म्हणाला, "कॉन्व्हेंट, आता पाच लोक मले रिपोर्ट करतीन." मी अभिनंदन म्हटलं. गेला एकदाचा, हे मनात म्हटलं.

मीटिंग मात्र बंद झाली नाही. दहाला फोन यायचा. काकू तो बाजेवर स्टीलच्या ग्लासाला टेकवून उभा करायच्या. फोनमधून आवाज यायचा, "चला, स्टँडअप. बाबा, काल काय केलं?" विनातिकीट माणसाकडे पाहावं तसं काका फोनकडे पाहायचे आणि आत जायचे. पुढं पुढं ते बाहेर येईनातच. पाणी हवं असलं की काठीनं माठ दाखवायचे. नको असलं की काठी आडवी करायचे.

एका दुपारी मी काकूंबरोबर मेथी निवडत बसले होते. काकांच्या मागचा मीटिंगचा जाच गेला ते बरं झालं, असं काहीतरी मी बोलले असेन.

"तुले कोणं सांगतलं जाच होता म्हणून?" काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणे, यायले बोलतं ठेवा. पण बोला म्हणलं का हे तोंड फिरोवत. मी काय लहान पोट्टं हाओ, असं डोयानंच सांगत. सहा महिने घरात एक शब्द नाई, बाई. मंग हा पुण्याहून आला, अन् यानं हे खूळ काढलं. सगळ्याइची पाळी, तं त्याइचीबी पाळी. मले म्हणे, आई, तुलेबी रोज उभं राहा लागीन, हसाचं नाई." त्यांनी मेथीची जुडी झटकली. "पाळी आली का माणूस बोलतेच."

मी मेथी निवडत राहिले. मंगेशबद्दलचं माझं मत एकदम बदललं असं नाही. तो फीडबॅकवाला माणूस तोच होता.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी तो पाठीवर बॅग घेऊन स्टँडवर उतरला. चहाच्या टपरीवर सगळ्यांनी घेरलं. काहून रे आला?

"पुण्यात नेटवर्क नाई," तो म्हणाला.

टपरी कितीतरी वेळ हसत होती. आमच्या गल्लीत ते वाक्य अजून चालतं. कोणाची भाकर करपली तरी म्हणतात, पुण्यात नेटवर्क नाई. लीडची जागा त्यानंच काम शिकवलेल्या एका मुलाला मिळाली. आता मंगेश त्याला रिपोर्ट करतो. हे त्यानंच मला सांगितलं, आणि पुढं ग्रोथबद्दल काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. तो टिनाच्या खोलीकडे निघून गेला.

तो परत आला त्याच दिवशी दहाला मी दही मागायला गेले. बॅग ओट्यावर तशीच पडली होती. "चला, स्टँडअप," मंगेश म्हणाला. काकूंचं वांग्याचं सांगून झालं. आतून काठीचा आवाज आला. काका बाहेर आले आणि बल्ली धरून उभे राहिले.

"बाबा, काल काय केलं?"

"काई... नाई."

"आज?"

काकांनी ओट्यावरच्या बॅगेकडे पाहिलं. मग मुलाकडे. "आज... बोलतो."

"नोटेड. ब्लॉकर?"

काकांनी बल्लीवरचा हात काढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. "तुया... ब्लॉकर," ते म्हणाले. "मी."

काकू मेथी नसतानाही काहीतरी निवडायला आत गेल्या. मंगेश मोबाइलकडे पाहत राहिला. मोबाइल बंद होता.

"बाबा," तो म्हणाला, "हे ऑफलाइन बोलू."

संध्याकाळी सहाला घंटी वाजली. मी गच्चीवर कपडे काढत होते. रोजच्यासारखा तो खाली आला, पण ओट्यावर नाही बसला. बाजेवर काकांच्या शेजारी जाऊन बसला. मग त्यानं खिशातून पैसे काढावेत तसा रिकामा हात पुढं केला.

"कंडक्टर, रिसोडचं एक तिकीट द्या."

काका त्या हाताकडे पाहत राहिले. ओठ हलले, थांबले, परत हलले. मंगेशनं घाई केली नाही.

"सुट्टे..." काका म्हणाले, "सुट्टे... हायत काय?"