बाहेर कितीदा?

"बाहेर कितीदा जाता?" डॉक्टर गोतमाऱ्यांनी विचारलं, आणि मी सांगून मोकळा झालो, "महिन्यातून दोनदा. नरखेडला."

मी शेतकी खात्यात होतो. संत्र्याच्या बागा पाहायला नरखेडचा दौरा असे. 'पोट बिघडलंय' यापुढं बोलायची मला लाज वाटत होती. डॉक्टर हळहळले आणि त्यांनी एरंडेल दिलं. मी तेव्हा दिवसातून आठदा संडासात जात होतो. एरंडेलानंतर मोजणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या हिनं मला दवाखान्यात नेऊन घोटाळा उलगडला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मले काहून नाही सांगितलं गा? बाहेर म्हणजे नरखेड?"

त्या दिवसापासून त्यांनी सभ्य भाषा कायमची टाकली. लग्नाची पंगत असो की भाजीबाजार, ओळखीचं माणूस दिसलं की खणखणीत आवाजात, "संडासले कितीदा?" लोक रस्ता बदलू लागले. मोहल्ल्यात त्यांचं नावच 'कितीदा डॉक्टर' पडलं. याचं श्रेय माझं, पण मी ते कधी मागितलं नाही.

माझ्या दुखण्याला सगळे आव म्हणत. मेहुण्यानं कुड्याची साल पाजली, शेजारणीनं बेलाचा मुरंबा पाठवला. रक्त पडतच राहिलं, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला. आतड्याचा क्षय असेल, या धास्तीनं हिचं जेवण सुटलं.

डॉक्टरांना मात्र आव मान्य नव्हती. तपासणीत तिचे जंतूही सापडले नाहीत. "रात्री संडास झोपेतून उठवते काय?" मी हो म्हणताच त्यांचे डोळे चमकले. मग मी कुशीवर, गुडघे पोटाशी, आणि मागून नळीतून पाहत डॉक्टरांचं क्रिकेटसारखं धावतं वर्णन: "लाल आहे... नळी टेकवली की रक्त... वा, वा!"

आतड्याचा फोटो त्यांनी आमच्या शहराचा नकाशा असावा तसा खिडकीशी धरला. "हे पाय गा, ही बर्डी. इथून थेट गांधीबागेपर्यंत सूज. सलग! मधे बोटभर जागा सुटली नाही." इतका आनंद माझ्या लग्नातही कोणाला झाला नव्हता.

"सलग आहे ते चांगलं का?" हिनं विचारलं.

"क्षय असा नाही पसरत, बाई. तो बहुतेक पार त्या टोकाले, इतवारीत जाऊन बसते. ही आतड्याची जुनी सूज आहे. मुळातून जाणार नाही, पण काबूत ठेवू."

नळीतून काढलेला आतड्याचा तुकडा तपासून आला, तेच निघालं. ही त्या दिवशी पोटभर जेवली.

संत्र्याच्या सालीच्या रंगाच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी फिरायला निघालेले डॉक्टर फाटकाशी थांबून ओरडत, "कितीदा?" मी ओसरीतून बोटं दाखवायचो. आठ. सहा. चार. मग आत येऊन हिच्या हातचा चहा आणि आतड्यावर तासभर गप्पा. बायको गेल्यापासून त्यांना खाणावळीचा डबा येई.

दिवाळीच्या सुमारास मी एकच बोट दाखवलं.

"रक्त?"

"नाही."

डॉक्टरांनी ही बातमी समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाही कळवली. मग फाटकाची कडी उगाच वरखाली करत थोडे घुटमळले. "चला, म्हणजे आता रोज यायचं काम नाही," म्हणाले आणि निघाले.

ही चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिली.

"उद्या तुम्हीच फाटकाशी उभे राहा," ती म्हणाली, "आणि दोन बोटं दाखवा."