तुकईथडचं क्रॉसिंग

आमच्या गल्लीत स्कूटर चालू केली की लगेच निघता येत नाही. आधी समोरच्या ओट्याकडे बघावं लागतं. ओट्यावर बनियनमध्ये महाजनकाका उभे असतात. ते गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकतात, मग माझ्या मागच्या चाकातली हवा बघतात, आणि सगळं मनासारखं असलं तर काखेतली हिरवी झेंडी काढून दाखवतात. मग निघायचं. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून मी झेंडीची वाट न बघता निघालो आणि कोपऱ्यावर केळीच्या गाडीवर आदळता आदळता वाचलो. संध्याकाळी काका एवढंच म्हणाले, "मास्तर, नियम म्हणजे नियम." तेव्हापासून मी हेल्मेट घालून, झेंडी मिळेपर्यंत मालडब्यासारखा मुकाट उभा राहतो.

काका जन्मभर खंडवा-अकोला या छोट्या, मीटरगेज लाइनीवर मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन बऱ्हाणपुरात आले, आणि मग ती लाइन मोठी, ब्रॉडगेज करायला घेतली. रूळ उखडले. काकांनी हॉलमधला दिवाण बाहेर काढला आणि त्या जागी प्लायवूडचं एक भलंमोठं टेबल टाकलं. त्यावर हळूहळू त्याच लाइनीवरचं तुकईथड स्टेशन छोट्या रूपात उभं राहिलं. फलाट, लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, आणि खऱ्या कापसाची कपाशी. तीन इंजिनं परदेशी बनावटीची, डबे काकांच्या हातचे, पुठ्ठ्याचे.

तुकईथड हे काकूंचं माहेर. काकू खूश होतील असं काकांना वाटलं होतं. काकू म्हणाल्या, "माझं माहेर माझ्याच हॉलात आणून मांडलं. आता रुसून मी जायचं कुठं?" आणि मग त्या रुसून इंदूरला मुलीकडे गेल्या. जाताना सांगून गेल्या, टेबल निघालं की कळवा.

टेबल काही निघालं नाही. उलट काकांनी गाड्या डिजिटल करायला काढल्या, आणि त्यासाठी मला बोलावलं.

मला बोलावण्याचं कारण म्हणजे मी फिजिक्स शिकवतो. विद्युतधारेचा धडा मी असा शिकवतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी होतात. घरी फ्यूज उडाला की मात्र माझी बायको वर्षा स्टुलावर चढून तो बांधते आणि मी खाली टॉर्च धरून उभा राहतो. ही गोष्ट काकांना ठाऊक नव्हती, आणि ती आपणहून सांगावी असं मला वाटलं नाही.

काकांची अडचण साधी होती. जुन्या पद्धतीत रुळात करंट सोडला की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. एकाला थांबवायचं तर तेवढ्या तुकड्याचा करंट तोडावा लागतो. मग गाडी थांबते, पण तिचा दिवाही विझतो. हा दिवा काकांच्या मनाला लागला होता.

"एकेरी लाइन, मास्तर. समोरून पॅसेंजर आली की मालगाडीनं बाजूच्या लूपमध्ये घुसायचं आणि थांबायचं. पण थांबली म्हणजे मेली नाही. ती वाट बघून राहिली. तिचा दिवा जळतच राहिला पाहिजे."

डिजिटलमध्ये ते जमतं. रुळात करंट सतत असतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी पट्टी बसवायची आणि तिला एक नंबर द्यायचा. हातातल्या कंट्रोलरवर जो नंबर दाबाल, तेच इंजिन ऐकतं. बाकीची दिवा लावून उभी राहतात. मालगाडी लूपमध्ये उभी आहे आणि शेजारून पॅसेंजर येते आहे, एवढं एक क्रॉसिंग जमलं की काका काकूंना बोलावणार होते. "तिनं हे एकदा पाहिलं ना, की टेबलाचं नाव काढणार नाही," असं ते खात्रीनं सांगत. माझा संसाराचा अनुभव मला वेगळंच सांगत होता.

पहिला डिकोडर मी स्वतः जोडला. करंट सोडल्यावर इंजिनातून उदबत्तीसारखा धूर निघाला. काका हरखून गेले. "अरे वा, धूर बी देऊन राहिलं का हे?" तो धूर म्हणजे डिकोडरचा शेवटचा श्वास आहे, हे सांगायला मला बराच धीर गोळा करावा लागला. पुण्याहून आणखी तीन डिकोडर मागवले. या खेपेला तिन्ही इंजिनांच्या तारा वर्षानं जोडल्या आणि मी टॉर्च धरला.

मग मी कंट्रोलरवर तीन नंबर दाबला. तिन्ही इंजिनं एकदम निघाली आणि कपाशीत घुसली. मी 'इंडक्शन' या विषयावर बोलायला सुरुवात केली. काकांनी मला मध्येच थांबवलं. "मास्तर, त्या डिकोडरच्या पुस्तिकेत काय लिहिलंय, ते तर बघा."

पुस्तिका मी वाचलीच नव्हती. त्यात पहिल्याच पानावर होतं की नवा डिकोडर कारखान्यातून येतो तोच तीन नंबर घेऊन, तो आधी बदलून घ्या. मी लगेच बदलला, सात केला. आता सात दाबला की तिन्ही निघायची. कारण नंबर बदलताना रुळावर एकच इंजिन ठेवायचं असतं आणि आमची तिन्ही रुळावर होती. मी दोन उचलायला हात पुढं केला तर काका आडवे आले.

"लाइनीवरचं इंजिन हातानं उचलता येत नाही. नियमात बसत नाही."

"मग काय करायचं?"

"उचलायचं तर अपघात व्हावा लागतो. मग क्रेन येते."

ती इंजिनं आठ झाली, बारा झाली, एकवीस झाली, पण वेगळी काही झाली नाहीत. शेवटी वर्षा चहा घेऊन आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एका इंजिनाला बोटानं टिचकी मारून आडवं पाडलं. मग दुसऱ्याला. "झाला अपघात," ती म्हणाली. काकांनी वाकून पाहणी केली, जीवितहानी नसल्याचं गंभीरपणे जाहीर केलं आणि माझ्या हाताला क्रेन म्हणून परवानगी दिली. इंजिनांना वेगवेगळे नंबर मिळाले.

त्यानंतर काकांनी दुसरा कंट्रोलर मागवला. तो माझ्यासाठी आहे, याबद्दल मला शंका नव्हती. एवढी सेवा केल्यावर पॅसेंजर माझ्याच हाती येणार. मी घरी टीव्हीच्या रिमोटवर सरावही सुरू केला.

काका बोलावणार त्याआधी काकूच आल्या. एका दुपारी रिक्षातून उतरल्या. थंडीचे कपडे न्यायला आले, संध्याकाळच्या गाडीनं परत जाते, असं दारातच म्हणाल्या. हॉलमध्ये पाऊल टाकून टेबलाकडे पाहिलं. "आहेच का अजून हे?"

काकांचा चेहरा उतरला. पण त्यांनी मालगाडी चालू केली, सावकाश लूपमध्ये आणून उभी केली, आणि दुसरा कंट्रोलर उचलला. मी हात पुढं केला. काका माझ्या हाताला वळसा घालून काकूंकडे गेले. मी त्याच हातानं कान खाजवला.

"ही पॅसेंजर तुझी," काका म्हणाले. "हे फिरवलं की चालते."

"मला नाही येत."

"मास्तरला बी येत नव्हतं."

काकूंनी कंट्रोलर घेतला, पण त्यांचं लक्ष मालगाडीकडे होतं. "उभीच आहे तर हिचा दिवा कशाला लावून ठेवलाय?"

"वाट बघून राहिली ती."

"कोणाची?"

"तुझी." काका रुळांकडे बघत बोलत होते. "नोकरीत माझी गाडी कुठं बी थांबवून ठेवायचे. घरी यायची वेळ कधी खरी झाली नाही. तू ताट झाकून बसायची. सारी जिंदगी तू वाट पाहिली. आता मी पाहतो म्हटलं."

मला भरून आलं, आणि मास्तर माणसानं असं दिसू नये म्हणून मी पाण्याची टाकी निरखत राहिलो. काकूंनी बटण फिरवलं. पॅसेंजर धक्के खात निघाली, कपाशीला वळसा घालून स्टेशनाकडे आली आणि सिग्नलच्या बाहेरच थांबली.

माझ्यातला मास्तर जागा झाला. "काकू, अजून थोडं पुढं, उजवीकडे फिरवा..."

"येतं मला आता," काकू म्हणाल्या. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. "राहू द्या यांना थोडं उभं. कळू द्या कसं असतं ते."

पदर खोचून त्या स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडल्याचे आवाज आले. साखर भलत्याच डब्यात ठेवल्याबद्दल काकांना दोन शब्द ऐकावे लागले. मग भांडं शेगडीवर चढलं आणि आतूनच त्या म्हणाल्या, "मास्तर, पोरीला फोन लावून सांगा, आई आज येत नाही. तुझ्या बाबांची गाडी अजून निघाली नाही म्हणावं."

मी फोन काढला. काकांनी स्टूल ओढलं आणि आपल्या मालगाडीसमोर बसून राहिले.