नाकामुरांचा अर्धा पडदा

अरबांच्या मुलुखात, शराफियातल्या आपल्या खानावळीच्या मोरीत नसरुद्दीन सकाळपासून एक पडदा घासत बसला होता, आणि घासावं तसा पडद्यावरचा पांढरा मासा लाल होत चालला होता.

"अहो, हळदीच्या डागाला साबण लावलात?" जुबेदानं कपाळावर हात मारला. "झालं! आता ह्याला ताटात वाढायचंच बाकी राहिलंय."

पडदा नाकामुरांनी दिलेला. हे जपानी इंजिनिअर गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी येऊन बांगड्याचं सार आणि भात हातानं चापायचे. मागच्या सुट्टीत घरी गेले ते हा पडदा घेऊनच परतले. "दरवाजे पर," एवढंच म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. पडदा गडद निळा, मधोमध चिरलेला आणि जेमतेम छातीपर्यंत येणारा.

"कापड कमी पडलं वाटतं बिचाऱ्यांना," जुबेदा तेव्हा म्हणाली होती.

पण ती उंची गिऱ्हाइकांना भलतीच सोयीची निघाली. जेवून निघालेला जो तो पडद्याला हात पुसू लागला. वेल्डर समाधान तर हात धुण्याचेही कष्ट घेईना.

"अरे मेल्या, तो पडदा आहे, रुमाल नव्हे!" नसरुद्दीन रोज ओरडायचा. ऐकतो कोण?

आज नाकामुरा शेवटचं जेवायला येणार होते. उद्या ते कायमचे मायदेशी चालले होते. आपल्या भेटीची ही दशा डोळ्यांत घेऊन ते जाणार, ह्या विचारानं नसरुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हणून ही धुलाई.

ओला पडदा गच्चीवर गेला. संध्याकाळ झाली, सार उकळलं, निवलं, पुन्हा उकळलं. नाकामुरांचा पत्ता नाही. शेवटी नसरुद्दीननं फोन लावला.

"मैं आया था," नाकामुरा म्हणाले. "पडदा नहीं. दुकान बंद. मैं वापस जाता."

त्यांच्याकडे म्हणे खानावळीबाहेर पडदा असला तर या, आत घेतला की दुकान बंद! दार सताड उघडं होतं, दिवे लखलखत होते, समाधान दारात ढेकर देत उभा होता. पण पडदा नाही म्हणजे नाही.

"खुला है, साब! यल्ला, टॅक्सी घुमाओ!" नसरुद्दीन धापा टाकत गच्चीवर गेला आणि ठिबकता पडदा आणून दारावर टांगला.

नाकामुरा उतरले. लाल मासा बघतच राहिले.

"माफ करना, साब. बहुत धोया, दाग नहीं गया."

"धोया?" नाकामुरांचा चेहरा पडला. "क्यों?"

मग मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं. वडिलांची छोटी खानावळ होती. गिऱ्हाईक जाताना पडद्याला बोटं पुसायचं. पडदा जितका मळका, तितकं जेवण झकास. वडील तो आईला धुवू द्यायचे नाहीत. आता वडील नाहीत, खानावळही नाही. बोलता बोलता त्यांनी त्या लाल डागांवरून हात फिरवला.

नसरुद्दीनच्या डोळ्यांसमोर गाव आलं. दाभोळचं घर, स्वयंपाकघराच्या दारावर जुन्या साडीचा पडदा, त्याला हात पुसून पळणारा तो, आणि मागून आईचा आवाज: "मेल्या, तो पडदा आहे, रुमाल नव्हे!" इतके दिवस आपण आईच्याच शब्दांत ओरडत होतो की! तिची फार फार आठवण आली त्याला.

नाकामुरा पोटभर जेवले. उठले, पण हात धुवायला गेले नाहीत. पडद्यापाशी उभे राहून साराची बोटं एकेक करून पुसू लागले.

सवयीनं नसरुद्दीन ओरडला, "अरे—"

नाकामुरांचा हात पडद्यावरच थांबला.

"अंगूठा रह गया, साब," तो म्हणाला.