बॅटरी भरलेलीच होती

माणूस संसाराचा त्याग करून वाळवंटात जातो, तेव्हा सोबत अगदी अत्यावश्यक तेवढंच नेतो: फ्रीज, दोन टीव्ही, बर्फ करायचं यंत्र आणि बायको. (क्रम ज्याच्या त्याच्या सोयीने.) यांपैकी पहिल्या तिघांना वीज लागते. चौथीलाही लागू शकते, हे डेल्बर्ट हॉगनच्या प्रकरणात सिद्ध झालं.

आम्ही कॉपर वॉशवाले. उत्तरेत गारठा पडू लागला की आपापल्या घरगाड्या, म्हणजे पलंग, शेगडी आणि न्हाणी असलेल्या बस, घेऊन ॲरिझोनातल्या या माळावर यायचं आणि एप्रिलपर्यंत हलायचं नाही. सरासरी वय एकाहत्तर. चालू स्थितीतले गुडघे दरडोई दीड. इथे विजेची तार नाही, पण ऊन भरपूर. गाडीच्या टपावर सोलर पॅनेल, पोटात बॅटऱ्या, मध्ये वायर. व्यवस्था इतकी सोपी आहे की तिच्यावर देखरेख ठेवायला मंडळ नेमावं लागलं.

मंडळाची बैठक रोज सकाळी दहाला, मर्ल टॉलिव्हरच्या ताडपत्रीखाली. मर्ल अध्यक्ष. (पस्तीस वर्षं गाद्या विकल्या.) सदस्य सात, मतं अकरा. सदस्यत्वाची अट एकच: बॅटरीची तक्रार चालू स्थितीत हवी. मी चिटणीस आहे, त्यामुळे पुढील हकिकत निःपक्षपाती समजावी.

डेल्बर्ट नेब्रास्कात गारपिटीच्या विम्याचा तपासनीस होता. शेतात उभं राहून 'एवढं काही नुकसान दिसत नाही' असं म्हणायचं, हे त्याचं काम. चाळीस वर्षं तो ज्याच्या दारात गेला, त्याचं तोंड वाकडं झालं. इथे मात्र तो पहिल्याच सकाळी 'माझ्या बॅटऱ्या पहाटेपर्यंत टिकत नाहीत' म्हणाला आणि सात माणसांनी सरकून त्याला जागा दिली. त्याचे डोळे ओले झालेले मी पाहिले. (धूळ असावी.)

तक्रार खरी होती. त्याची बायको आर्डिथ हिचा झोपेत ताशी एकतीस वेळा श्वास थांबतो. डॉक्टरांनी मोजलाय. म्हणून नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं यंत्र रात्रभर चालू ठेवावं लागतं. ते पहाटे चारला बंद पडायचं आणि आर्डिथ धापा टाकत उठून बसायची.

"डेल्बर्ट, माझा जीव चालला होता. तू काय करत होतास?"

"मी मीटर बघितला होता गं. संध्याकाळी शंभर टक्के होता."

"मग उद्यापासून मीटरला घेऊन झोप."

मंडळाने प्रकरण तातडीने हाती घेतलं. पहिल्या आठवड्यात पॅनेल वाढवण्याची शिफारस झाली. दुसऱ्यात पॅनेल धुण्याची. तिसऱ्यात आणखी पॅनेल. तीन आठवड्यांत दोनाची आठ पॅनेल झाली (वाढ: तीनशे टक्के), मीटर दुपारी दोनऐवजी साडेदहालाच शंभरवर पोहोचू लागला (बचत: साडेतीन तास) आणि यंत्र चारऐवजी दोनला बंद पडू लागलं. (नोंद घेतलेली नाही.)

आर्डिथने सांगितलं, "रविवारपर्यंत हे नीट झालं नाही, तर मी लिंकनला मुलीकडे जाते. तिच्याकडे भिंतीत वीज आहे." मंडळाने या विधानाची दखल घेतली आणि रविवारी सुट्टी असल्याने विषय सोमवारवर ढकलला.

आर्डिथ सोमवारपर्यंत थांबली नाही. ती ट्वायला ब्रिस्टोकडे गेली.

ट्वायला पंचाहत्तरची. उभं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात गेलं. तिच्या जुनाट व्हॅनला टेकवून ठेवलेलं एकच पॅनेल आहे, आणि बॅटऱ्या दोन. तिच्याकडे अंधार झालेला कुणी पाहिलेला नाही. साहजिकच तक्रार नसल्यामुळे ती सदस्य होऊ शकत नव्हती, आणि सदस्य नसलेल्याचं मत घेण्याची तरतूद मंडळात नाही.

ती आली ती काचेची एक नळी घेऊन. बॅटरीचं झाकण उघडून तिने नळीत आतलं पाणी ओढलं. नळीतला तरंगता काटा तळाशी जाऊन बसला.

"अर्धीसुद्धा भरलेली नाही," ती म्हणाली.

"मीटर शंभर म्हणतोय," डेल्बर्ट म्हणाला.

"मीटरला तू जे शिकवलंस ते तो म्हणतोय. पोपट आहे तो. बॅटरीला विचार ना!" मग तिने टपावरून येणारी वायर चिमटीत धरली आणि पटकन सोडली. "चटका बसतोय! ही वायर आहे की बुटाची नाडी? आठ पॅनेलची वीज यातून खाली यायची? निम्मी वाटेतच वायर तापवण्यात खर्ची पडतेय, बाबा."

आता जे सांगतो ते रूक्ष आहे. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक डबा असतो. वीज किती जोराने आणि किती वेळ सोडायची, ते तो ठरवतो. डेल्बर्टचा डबा टपाजवळ होता, बॅटऱ्यांपासून वीस फुटांवर. तिथे जोर दिसायचा चौदा पूर्णांक आठ व्होल्ट. बॅटरीपर्यंत पोहोचायचे जेमतेम चौदा. डब्याला वाटायचं काम झालं, आणि तासाभरात तो हात आखडता घ्यायचा. ट्वायलाने डबा बॅटऱ्यांशेजारी आणला, अंगठ्याएवढ्या जाड वायरी टाकल्या, पूर्ण जोर तीन तास टिकेल असं बसवलं आणि बॅटऱ्यांच्या आत उघड्या पडलेल्या शिशाच्या पत्र्यांवर डिस्टिल्ड वॉटर भरलं. सहा पॅनेल काढून ठेवली.

बॅटऱ्या माणसात यायला चार दिवस लागले. पाचव्या सकाळी आर्डिथ साडेसातला उठली, ती जांभई देत. डेल्बर्ट तिच्यासाठी पॅनकेक करत होता. "मेले नाही मी," ती म्हणाली. दोघंही हसली.

मंडळाची विशेष बैठक झाली. दुरुस्तीपूर्वी मीटर शंभर टक्के होता, दुरुस्तीनंतरही शंभरच आहे, हे अध्यक्षांनी निदर्शनास आणलं. सबब बॅटरी भरलेलीच होती आणि कोणतीही सुधारणा झालेली नाही, असा ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. डेल्बर्टने मत दिलं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मर्लने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय डेल्बर्ट, पहाटे काय झालं?"

"काही नाही. झोपलो होतो."

कुणीतरी खोकलं. तिसऱ्या दिवशी कुणी सरकून जागा दिली नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही; संस्थेला शिस्त असते. पण तो उभ्यानेच कॉफी पिऊन परतला, तेव्हा चाळीस वर्षांच्या सगळ्या दारांतून परतल्यासारखा चालत होता.

त्या दुपारी आर्डिथने त्याला बॅटऱ्यांपाशी उकिडवा बसलेला पाहिला. हातात स्क्रूड्रायव्हर. चौदा पूर्णांक आठचे तो चौदा करत होता.

"काय करतोयस?"

"काही नाही. थोडंसंच कमी करतोय. तुला कळणारही नाही."

"श्वास बंद पडल्यावर कळतं मला." ती खाली बसली. "खरं सांग. तुला मी हवी की ती टोळी?"

डेल्बर्ट सचोटीचा माणूस. त्याने विचार केला. "म्हणजे कायमचं विचारतेस, की या हिवाळ्यापुरतं?"

आर्डिथने यंत्र उचललं, उशी काखेत मारली आणि ती ट्वायलाच्या व्हॅनमध्ये राहायला गेली.

डेल्बर्टने तीन दिवस एकट्याने काढले. बॅटऱ्या काठोकाठ भरायच्या, आणि त्या वापरायला कुणी नव्हतं. मी चिटणीस या नात्याने भेट दिली तेव्हा तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा लोकांना मी आलेलो आवडत होतो रे." त्यावर काय बोलावं ते नियमावलीत नाही. मी बिअर ठेवून आलो.

चौथ्या दिवशी तो ट्वायलाच्या दारात गेला. आर्डिथ आतून बघत होती. तो तिच्याकडे न बघता ट्वायलाला म्हणाला, "वायर कशी जोडायची, शिकवशील?"

"मला का विचारतोस? जिची माफी मागायची ती आत बसलीय, आधी तिच्याकडे माग. वायर नंतर."

त्याने मागितली. आर्डिथ त्याच संध्याकाळी परत आली. (कारण तिने असं दिलं की ट्वायला घोरते.)

पुढच्या प्रकाराने मंडळाचा पाया हादरला. डेल्बर्ट काचेची नळी आणि जाड वायरीचं वेटोळं घेऊन गाडीगाडीने फिरू लागला. फुकट! दार वाजवायचा आणि म्हणायचा, "बघू का जरा? नुकसान बरंच दिसतंय." लोक त्याला आत बोलावायचे, राजम्याची तिखट चिली वाढायचे. फेब्रुवारी संपेतो त्याने पाच सदस्यांच्या बॅटऱ्या नीट केल्या. पाचांचीही तक्रार संपल्याने नियमानुसार त्यांचं सदस्यत्व गेलं. डेल्बर्टचं तर आधीच गेलं होतं.

आता मंडळात अध्यक्ष आणि मी, असे दोघेच उरलो आहोत. आमच्या बॅटऱ्यांना आम्ही त्याला हात लावू दिलेला नाही. पदाची काही प्रतिष्ठा असते. (हा मजकूर मी मेणबत्तीवर लिहीत आहे.)

सबब सहा जागा तातडीने भरायच्या आहेत. आपल्याकडे घरगाडी नसेल, बॅटरी नसेल, व्होल्ट कशाशी खातात हेही ठाऊक नसेल, तरी संकोच नको. रूक्ष भाग आपण बहुधा गाळलाच असेल, आणि तरीही डेल्बर्टने सुरुवातीलाच काय करायला हवं होतं याबद्दल आपलं ठाम मत एव्हाना तयार झालेलं आहे. मंडळाला नेमकी अशीच माणसं हवी आहेत. अर्जाची गरज नाही. आपली निवड झालेली आहे.