ओल्ड सारमवाले सर

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो वाघमारे सरांमुळे. पण त्यांची ओळख त्यांच्या शिवीपासूनच करून द्यावी लागेल. त्यांना शिवी एकच येते: ओल्ड सारम.

रिकामी एसटी आमच्या वस्तीच्या फाट्यावर न थांबता जळकोटकडे गेली, की सर मागून ओरडतात, "जा, ओल्ड सारम!" कंडक्टर हात हलवतो. त्याला वाटतं, म्हातारा टाटा करतोय.

ओल्ड सारम हा इंग्लंडातला जुना मतदारसंघ. नुसती टेकडी. घर नाही, चूल नाही, पण पार्लमेंटात दोन खासदार. पुढे कायदा करून तो मोडला. सर हा धडा आम्हाला दर वर्षी संतापून शिकवत. पुस्तकात तो कधीच नव्हता.

यंदा वस्तीच्या शाळेतलं मतदान केंद्र बंद करून खालच्या गावाला जोडलं. निम्मी माणसं कामासाठी पुण्याला, म्हणून. सर तडक तहसीलला. नांदेडहून मीही गेलो.

"तिथं माणूस न्हवता तरी दोन खासदार," सर साहेबावर कडाडले. "हितं माणसं हायेत आन् तुम्ही पेटी उचलून न्हेता?"

साहेब नम्रपणे म्हणाले, तुमचं वय झालंय, तुमचं मत घ्यायला माणसं घरी पाठवू.

सर आणखीच भडकले. "माझ्या एकट्याच्या मताला काय आग लावायची हाय?"

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, मग अडचण काय? सर म्हणाले,

"ओल्ड सारमला बी मतदानाला त्या टेकडीखाली तंबू पडायचा. बाहेरची माणसं यायची. एक दिवस तरी गजबज." मग हळूच, "आपली पोरं बी त्याच दिवशी येत होती. मत टाकून शाळेतनं निघाली की माझ्याकडं चहाला. आता खालूनच बस धरतील."

नांदेडला परतल्यावर मी त्यांना लिहिलं:

आदरणीय सर,

केंद्र मिळालं नाही. माझाही राग गेलेला नाही. पुन्हा अर्ज दिला आहे. पण मत देऊन आम्ही सगळे वर वस्तीवर येणार. पुण्याच्या पोरांनाही बजावलं आहे. शाळेपुढे मांडव आम्ही घालू. तुम्ही चहा टाका, आणि जो उशिरा येईल त्याला ओल्ड सारम म्हणा.

आपला विद्यार्थी,
गौतम